मेंदूच्या बाह्यकातील कॅल्शियमबंधक प्रथिने : खूण आणि कार्य

(नांदगाव पेठ येथील स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)

सस्तन प्राण्यांच्या मेंदूचा सर्वांत बाहेरचा स्तर म्हणजे प्रमस्तिष्क बाह्यक होय. मानवात या स्तराची जाडी अवघी दोन ते चार मिलिमीटर असते आणि तेवढ्या जाडीत सुमारे १,६०० कोटी चेतापेशी बहुतेक भागांत सहा थरांनी मांडलेल्या असतात. पाहिलेल्याची ओळख पटणे, ऐकलेल्याचा अर्थ लागणे, हाताची नेमकी हालचाल ठरवणे, एखादा बेत मनात धरून त्याप्रमाणे वागणे ही सर्व कामे या स्तराच्या आधाराने होतात. येथील बहुसंख्य पेशी पिरॅमिडाच्या आकाराच्या असून त्या आपल्या लांब अक्षतंतूंवाटे दूरच्या पेशींना उत्तेजित करतात. उरलेल्या, म्हणजे प्राणिजातीनुसार साधारण दहा ते पंचवीस टक्के पेशी आखूड अक्षतंतूंच्या असतात, त्या आसपासच्याच पेशींशी जोडलेल्या असतात आणि गॅबा नावाचे रसायन स्रवून त्यांना आवरून धरतात. या निरोधक पेशी संख्येने थोड्या असल्या तरी त्यांच्यावाचून बाह्यकाचे काम एक क्षणही सुरळीत चालत नाही. कॅल्शियम बांधून ठेवणारी तीन प्रथिने, म्हणजे पार्व्हाल्ब्युमिन, कॅल्बिंडिन आणि कॅलरेटिनिन, या पेशींत मुबलक आढळतात. गेल्या चार दशकांत या प्रथिनांचा उपयोग प्रामुख्याने पेशी ओळखण्याची खूण म्हणून झाला. परंतु ती केवळ खूण नव्हेत, त्यांना स्वतःचे काम आहे आणि ते काम प्राण्याच्या अनुभवाबरोबर बदलते, हा प्रस्तुत व्याख्यानाचा प्रतिपाद्य विषय आहे.

कॅल्शियम म्हटले की हाडे आणि दात यांचीच आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे, कारण शरीरातील नव्व्याण्णव टक्के कॅल्शियम तेथेच असते. उरलेल्या एका टक्क्याचे महत्त्व प्रथम लंडनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ सिडनी रिंगर यांच्या १८८३ मधील प्रयोगांनी स्पष्ट केले. बेडकाचे काढून घेतलेले हृदय नळाच्या पाण्यात केलेल्या मिठाच्या द्रावणात धडधडत राही आणि तेच द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केले तर थोड्याच वेळात थांबे; नळाच्या पाण्यातील अल्प कॅल्शियम हेच त्यामागील कारण निघाले. पुढे असे दिसून आले की सजीव पेशी कॅल्शियमचा वापर निरोपासारखा करते आणि त्यासाठी ती एरवी त्याला आत थारा देत नाही. चेतापेशीच्या बाहेरच्या द्रवात कॅल्शियमचे प्रमाण एक ते दोन मिलिमोलर असते, तर स्वस्थ चेतापेशीच्या आत मुक्त कॅल्शियम त्याच्या दहा हजारांश किंवा त्याहूनही कमी असते. हा उतार टिकवण्यासाठी पेशीपटलातील पंप अहोरात्र ऊर्जा खर्च करत राहतात. विद्युत्स्पंद अक्षतंतूच्या टोकाशी पोहोचला की तेथील कॅल्शियमची द्वारे क्षणभर उघडतात, बाहेरचे कॅल्शियम आत येते आणि एक मिलिसेकंदाच्या आत चेतारसायनाच्या पिशव्या दोन पेशींमधील संपर्कस्थानात, म्हणजे सिनॅप्समध्ये, रित्या होतात. हेच कॅल्शियम आत रेंगाळले तर पुढचा निरोप बिघडतो, आणि फार काळ साचून राहिले तर पेशी मरते. आत आलेल्या कॅल्शियमला तत्काळ धरून ठेवणे, त्याचा वेग आणि आवाका ठरवणे हे काम कॅल्शियमबंधक प्रथिने करतात.

या प्रथिनांच्या रचनेचा उलगडा माशाच्या स्नायूपासून सुरू झाला. कार्प माशाच्या पांढऱ्या स्नायूत पार्व्हाल्ब्युमिन हे लहान, पाण्यात सहज विरघळणारे प्रथिन भरपूर असते. अप्पर वर्धा धरणातून अमरावतीच्या बाजारात येणारे रोहू आणि कटला हे याच कार्प कुळातील मासे. माशाची ॲलर्जी असलेल्या बहुसंख्य व्यक्तींचे शरीर ज्या पदार्थावर उसळते तो पदार्थही हाच असून तो उष्णतेला इतका टिकतो की मासा शिजवल्यानेही त्या व्यक्तींचा त्रास टळत नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात रॉबर्ट क्रेट्सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रथिनाच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकून १९७३ मध्ये त्याची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली. प्रथिनाच्या साखळीत मळसूत्रासारखे सहा भाग होते आणि त्यांना ए ते एफ अशी अक्षरे दिलेली होती. ई आणि एफ या दोन भागांमधल्या वळणात कॅल्शियमचा एक आयन बसलेला होता. ई भाग उजव्या हाताच्या ताठ तर्जनीसारखा, एफ भाग अंगठ्यासारखा आणि मधले वळण मिटलेल्या मधल्या बोटासारखे, अशी कल्पना करून या घडणीला ‘ईएफ हस्त’ हे नाव मिळाले. मधल्या वळणात बारा अमिनो आम्ले असतात आणि बहुधा सात ऑक्सिजन अणू कॅल्शियमला सर्व बाजूंनी वेढतात. त्यांतील बरेचसे ऑक्सिजन ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक या ऋणभारित आम्लांचे असतात. मॅग्नेशियमचा आयन आकाराने लहान असल्यामुळे त्याला हे घर ऐसपैस पडते आणि म्हणून कॅल्शियमची पकड तेथे अधिक घट्ट बसते.

ही घडण निसर्गाने किती दूरवर वापरली आहे याचे एक उत्तम उदाहरण मुंबईतच सापडते. आवेचा विकार करणाऱ्या एन्टामीबा हिस्टोलिटिका या एकपेशीय परजीवीत चार ईएफ हस्त असलेले एक प्रथिन असते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत के. व्ही. आर. चारी, गिरजेश गोविल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील आलोक भट्टाचार्य यांच्या सहकार्याने, चुंबकीय अनुस्पंदनाच्या पद्धतीने त्याची द्रावणातील रचना उलगडून ती २००१ मध्ये प्रसिद्ध केली. आतड्यातील परजीवी, तळ्यातील मासा आणि माणसाचा मेंदू या तिन्ही ठिकाणी कॅल्शियम धरणारा हात एकाच घडणीचा असावा, ही गोष्ट जीवसृष्टीच्या एकत्वाचा कोणत्याही तत्त्वचर्चेपेक्षा भक्कम पुरावा मानली पाहिजे.

ईएफ हस्त असलेल्या प्रथिनांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. कॅल्मोड्युलिनसारखी प्रथिने कॅल्शियम बांधताच आपला आकार बदलतात आणि दुसऱ्या विकरांना कामाला लावतात; त्यांना संवेदक म्हणतात. दुसऱ्या वर्गातील प्रथिने मुख्यतः कॅल्शियम धरतात आणि यथावकाश सोडतात. त्यांना रोधक म्हणता येईल. बाह्यकातील तिन्ही प्रथिने प्रामुख्याने या दुसऱ्या वर्गात मोडतात, मात्र कॅल्बिंडिन आणि कॅलरेटिनिन यांचा आकारही कॅल्शियममुळे बदलत असल्याने त्यांना थोडे संवेदकाचेही अंग असावे, असे मानण्यास जागा आहे. पार्व्हाल्ब्युमिनमध्ये तीन हस्त असून त्यांतील दोनच कॅल्शियम बांधतात. कॅल्बिंडिनमध्ये सहा हस्त, त्यांतील चार कामाचे. कॅलरेटिनिनमध्येही सहा, त्यांतील पाच कामाचे. कॅल्बिंडिनचा शोध मेंदूत लागलेला नाही. मुडदूस झालेल्या कोंबडीच्या पिलांना ड जीवनसत्त्व दिल्यावर त्यांच्या आतड्यात कॅल्शियम बांधणारे एक नवे प्रथिन तयार होते, असे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे रॉबर्ट वॉसरमन आणि त्यांचे सहकारी टेलर यांनी १९६६ मध्ये दाखवले. तेच प्रथिन नंतर मेंदूतही आढळले आणि तेथे मात्र त्याची निर्मिती ड जीवनसत्त्वावर अवलंबून नसल्याचे दिसले. कॅलरेटिनिनची ओळख १९८७ मध्ये केंब्रिजचे जॉन रॉजर्स यांनी कोंबडीच्या दृष्टिपटलातून करून दिली.

या तिघांच्या स्वभावांतील खरा भेद वेगाचा आहे. कॅल्बिंडिन कॅल्शियमला येताक्षणी पकडते, त्यामुळे कॅल्शियमची लाट उंच चढण्याआधीच बुटकी होते. पार्व्हाल्ब्युमिनची पकड घट्ट असूनही ते मंद ठरते आणि याचे कारण मोठे मार्मिक आहे. स्वस्थ पेशीत त्याच्या हस्तांमध्ये मॅग्नेशियम आधीच बसलेले असते; एस.टी.च्या गाडीत आधीच्या उतारूने जागा सोडल्याशिवाय नव्याला बसता येत नाही, तसे मॅग्नेशियम उठून गेल्याशिवाय कॅल्शियमला तेथे स्थान मिळत नाही. यामुळे कॅल्शियमची पहिली उसळी पूर्ण उंचीने येऊन आपले काम करते आणि मग मात्र पार्व्हाल्ब्युमिन तिला झपाट्याने खाली ओढते. जी पेशी एका सेकंदात शेकडो वेळा स्पंद पाठवू शकते, तिला अशाच प्रथिनाची गरज असते: प्रत्येक निरोप ठसठशीत जावा, पण मागच्या निरोपाचे कॅल्शियम पुढच्यात मिसळू नये. पार्व्हाल्ब्युमिन जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या सिनॅप्समध्ये लागोपाठच्या स्पंदांचा परिणाम एकमेकांत मिसळून वाढत जातो, असे प्रयोगांत दिसले आहे. संपर्कस्थानातील हे सारे व्यवहार मायक्रोमीटरपेक्षाही लहान जागेत आणि मिलिसेकंदाच्या अंशात घडत असल्याने प्रत्यक्ष मोजमापाला मर्यादा पडतात. अशा वेळी संगणकावर प्रत्येक आयनाची वाटचाल उभी करणे उपयोगी ठरते. सुहिता नाडकर्णी यांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांसमवेत २०१० मध्ये हिप्पोकॅम्पसमधील सिनॅप्सचे असे प्रतिमान प्रसिद्ध केले. हिप्पोकॅम्पस म्हणजे स्मृतीशी निगडित असलेला बाह्यकाचाच एक प्राचीन भाग. या प्रतिमानात कॅल्शियमची द्वारे, पंप आणि कॅल्बिंडिन यांना एकत्र धरून रसायनाची पिशवी केव्हा रिती होईल याचा अंदाज बांधता येतो. नाडकर्णी पुढे पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत याच विषयावर काम करत राहिल्या. गणित आणि संगणक येणाऱ्या विद्यार्थ्याला जीवशास्त्राचे दार बंद नाही, हे वऱ्हाडातील महाविद्यालयांनी या उदाहरणावरून आवर्जून ध्यानात घ्यावे.

ही प्रथिने डोळ्यांना दिसली कशी, हा प्रश्न नांदगाव पेठच्या श्रोत्यांना विशेष जवळचा वाटावा, कारण चेतापेशी रंगवण्याच्या विद्येची पाळेमुळे कापड रंगवण्याच्या धंद्यात आहेत आणि आज या गावाची ओळख वस्त्रोद्योगाच्या औद्योगिक वसाहतीमुळे आहे. विल्यम पर्किन यांनी १८५६ मध्ये डांबरापासून पहिला कृत्रिम जांभळा रंग तयार केला आणि त्यानंतर कापडासाठी निघालेल्या ॲनिलिन रंगांपैकी काही जर्मन वैद्यकांनी मेंदूच्या पातळ कापांवर वापरून पाहिले. फ्रांत्स निस्ल यांची सर्व पेशींची शरीरे निळी-जांभळी करणारी पद्धत यातूनच आली. इटलीचे कामिल्लो गॉल्जी यांनी चांदीच्या क्षाराने मोजक्याच पेशी संपूर्ण काळ्या करण्याची युक्ती शोधली आणि स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी तिच्या आधाराने चेतापेशींची शेकडो चित्रे काढली. दोघांना १९०६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या दोन्ही पद्धतींत एक उणीव होती: रंग कोणत्या पेशीला लागेल यावर पेशीच्या रसायनाचे नियंत्रण नव्हते. प्रतिपिंडांच्या पद्धतीने ती उणीव दूर केली. एखाद्या प्रथिनाविरुद्ध प्राण्याच्या शरीरात तयार झालेले प्रतिपिंड मेंदूच्या कापावर सोडले की ते फक्त त्या प्रथिनाला चिकटते. त्याला जोडलेल्या पेरॉक्सिडेझ विकराने डायअमिनोबेंझिडीन या रसायनाचा तपकिरी गाळ तेथेच बसवला की ती पेशी उठून दिसते.

मार्को सेलिओ आणि क्लाउस हाइट्समान यांनी १९८१ मध्ये पार्व्हाल्ब्युमिन ही चेतापेशींची खूण असल्याचे जाहीर केले आणि १९८६ मध्ये सेलिओ यांनी दाखवले की उंदीरवर्गीय प्राण्याच्या बाह्यकात ही खूण गॅबा असलेल्या पेशींवरच उमटते. असा एक काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर काय दिसते हे सांगण्याजोगे आहे. मधल्या थरांत गोल किंवा बहुकोनी, गर्द तपकिरी पेशी विखुरलेल्या असतात, त्यांच्या वृक्षिका, म्हणजे निरोप घेणाऱ्या फांद्या, सर्व दिशांना पसरलेल्या असतात. आणि जेथे काहीच रंगलेले नाही असे प्रथमदर्शनी वाटते, तेथे बारकाईने पाहता फिकट, रिकाम्या जागांभोवती बारीक तपकिरी ठिपक्यांचे कडे दिसते. ती रिकामी जागा म्हणजे न रंगलेली पिरॅमिडाकार पेशी आणि ते ठिपके म्हणजे तिच्या शरीराला टोपलीसारखा वेढा घालणाऱ्या निरोधक पेशीच्या अक्षतंतूंची टोके. या पेशींना म्हणूनच टोपली पेशी म्हणतात. पार्व्हाल्ब्युमिन असलेल्या दुसऱ्या प्रकाराला झुंबर पेशी हे नाव आहे. तिचे तंतू पिरॅमिडाकार पेशीच्या अक्षतंतूचा जेथे उगम होतो नेमक्या त्या जागी, उभ्या मेणबत्त्यांच्या रांगांसारखे, येऊन बसतात. स्पंद जेथे जन्म घेतो तेथेच आवर घालण्याची ही योजना आहे.

कॅल्बिंडिन आणि कॅलरेटिनिन असलेल्या पेशी बहुधा वरच्या थरांत, दुसऱ्या आणि तिसऱ्यात, अधिक असतात. त्यांच्यापैकी अनेकींचा कल उभा असतो आणि त्या पेशीच्या शरीराऐवजी तिच्या वृक्षिकांवर जाऊन पोहोचतात. कॅलरेटिनिन असलेल्या काही पेशी तर इतर निरोधक पेशींनाच आवरतात, म्हणजे निरोधाचाही निरोध करतात. माणूस आणि माकडे यांच्यात ही तीन प्रथिने बव्हंशी तीन वेगळ्या पेशीसमूहांत आढळतात. उंदरांत त्यांची सरमिसळ अधिक असते.

या पेशी बाह्यकात जन्मतच नाहीत, ही या विषयातील सर्वांत विस्मयकारक गोष्ट म्हणावी लागेल. पिरॅमिडाकार पेशी बाह्यकाच्या आतल्या भिंतीपाशी तयार होऊन सरळ वर चढतात, परंतु निरोधक पेशींचा जन्म गर्भाच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या उंचवट्यांत होतो आणि तेथून त्या आडव्या वाटेने लांबचा प्रवास करून बाह्यकात शिरतात, हे उंदरांवरील अभ्यासातून १९९७ च्या सुमारास निश्चित झाले. पार्व्हाल्ब्युमिनच्या पेशी आतल्या उंचवट्यातून आणि कॅलरेटिनिनच्या बहुसंख्य पेशी मागच्या उंचवट्यातून येतात. ज्या भूमीत त्या येऊन वसतात ती भूमी बाह्यक म्हणून घडते कशी, हा प्रश्न टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शुभा तोळे यांच्या प्रयोगशाळेने हाताळला. विशाखा मंगळे आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले की एलएचएक्स-२ हे जनुक ज्या पेशींत नसेल त्या पेशी बाह्यक होण्याचे सोडून देतात आणि शेजारच्या भागाला हिप्पोकॅम्पस बनवण्याचा आदेश देणाऱ्या पेशी होतात. मुंबईत झालेल्या या कामाला जगभरच्या मेंदूविज्ञानात आधारभूत मानले जाते.

वेगवेगळ्या सस्तन प्राण्यांत या तीन प्रथिनांची वाटणी सारखी नाही. पॅट्रिक हॉफ, इलिया ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अनेक प्राण्यांची तुलना करून दाखवले की कृंतक, मांसभक्षक आणि वानरवर्गीय प्राण्यांत पार्व्हाल्ब्युमिनचा मोठा वाटा असतो, तर देवमासे, डॉल्फिन आणि गाय-मेंढीसारखे समखुरी प्राणी यांच्यात तो तुलनेने कमी असून कॅल्बिंडिन आणि कॅलरेटिनिन यांचे प्राबल्य असते. समुद्रातला डॉल्फिन आणि गोठ्यातली गवळाऊ गाय यांचे बाह्यक एकाच धर्तीचे असावे हे वरकरणी चमत्कारिक वाटते; परंतु देवमाशांचे पूर्वज समखुरी होते, हे जनुकांच्या अभ्यासातून आणि जम्मूतील कालाकोट भागात मिळालेल्या, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीच्या इंडोहायस या प्राण्याच्या जीवाश्मांवरून आता सर्वमान्य झाले आहे. तपकिरी रंगाच्या खुणेत वंशावळ वाचता यावी, याहून त्या पद्धतीचे मोठे यश ते कोणते!

परंतु याच यशाने एक गैरसमजही रूढ केला. खूण दिसली म्हणजे पेशी आहे आणि खूण दिसली नाही म्हणजे पेशी गेली, असे गृहीत धरून गेल्या काही दशकांत पुष्कळ निष्कर्ष काढले गेले. स्किझोफ्रेनिया झालेल्या व्यक्तींच्या मृत्यूनंतर तपासलेल्या बाह्यकाच्या पुढच्या भागात पार्व्हाल्ब्युमिनची खूण कमी दिसते, तेव्हा त्या पेशी मरतात असे काहींनी मानले. पिट्सबर्ग येथील डेव्हिड लुइस यांच्या गटाने मात्र दाखवले की पेशींची संख्या फारशी घटलेली नसून प्रत्येक पेशीतील पार्व्हाल्ब्युमिनचा आणि गॅबा तयार करणाऱ्या विकराचा संदेश मंदावलेला असतो. पार्व्हाल्ब्युमिन जनुक नसलेल्या उंदरांवरील काम तर अधिकच बोलके आहे. स्वित्झर्लंडमधील बीट श्वालर यांच्या गटाने अशा उंदरांत, तुरीच्या आणि हरभऱ्याच्याच कुळातील व्हिसिया या वेलीच्या बियांमधले एक प्रथिन वापरून, टोपली पेशींभोवती असणारे शर्करायुक्त जाळे रंगवले आणि पेशींची मोजदाद केली. पेशी पूर्ण संख्येने जागेवर होत्या, गेले होते ते फक्त पार्व्हाल्ब्युमिन. हेच उंदीर परस्परांशी मिसळण्यात कमी पडतात आणि त्याच त्या हालचाली करत राहतात. म्हणजे पेशी जिवंत असूनही एका प्रथिनाच्या अभावाने वागणूक बदलते. मेलेली पेशी परत आणता येत नाही, मंदावलेली पेशी मात्र पुन्हा कामाला लावण्याची आशा बाळगता येते. उपचारांच्या दृष्टीने या दोन निदानांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मृत्यूनंतर ऊतक टिकवण्यास विलंब झाला तरीही खूण फिकी पडते, ही गोष्ट अशा अभ्यासांत विसरता कामा नये.

निरोधक पेशी दुबळ्या झाल्या तर काय होते याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अपस्माराच्या एका तीव्र प्रकारात दिसते. फ्रान्सच्या शार्लोट ड्रॅव्हे यांनी १९७८ मध्ये वर्णन केलेल्या या आजारात पहिल्या वर्षातच, बहुधा ताप आला असता किंवा गरम पाण्याने आंघोळ घातली असता, बाळाला लांबलेल्या फिट येऊ लागतात. बहुतेक रुग्णांत सोडियमच्या एका द्वाराच्या जनुकात दोष असतो. उंदरांतील अभ्यासात २००६ मध्ये असे आढळले की या दोषाने पिरॅमिडाकार पेशींचे फारसे बिघडत नाही, निरोधक पेशी मात्र लागोपाठ स्पंद देऊ शकत नाहीत. म्हणूनच सोडियमची द्वारे बंद करणारी कार्बामॅझेपीन आणि लॅमोट्रिजीन ही एरवी गुणकारी औषधे या मुलांत आजार वाढवतात. लहान मुलांना तापात एखादी आखूड फिट येणे हे सर्वसाधारण आहे आणि बहुसंख्य मुलांत ते निरुपद्रवी असते, त्यामुळे आईवडिलांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. पण फिट पाच मिनिटांहून अधिक टिकली किंवा वारंवार येऊ लागली, तर कांदा हुंगवणे, चप्पल नाकाशी धरणे असल्या उपायांत वेळ न दवडता बाळाला दवाखान्यात नेले पाहिजे.

पार्व्हाल्ब्युमिनचे प्रमाण पेशीच्या आयुष्यभर एकसारखे राहत नाही, ही या अभ्यासाची सर्वांत नवी आणि सर्वांत महत्त्वाची बाजू आहे. उंदराचा एक डोळा झाकून ठेवला तर दृष्टीच्या बाह्यकातील पार्व्हाल्ब्युमिनची खूण फिकी होते. स्वित्झर्लंडमधील पिको कारोनी यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले की खेळायला आणि हिंडायला भरपूर वाव असलेल्या पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये कमी पार्व्हाल्ब्युमिन असलेल्या पेशी वाढतात आणि शिकण्याची क्षमताही वाढते. एखादा धडा पक्का बिंबला की उलट जास्त पार्व्हाल्ब्युमिनच्या पेशी वाढतात. भारतात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शशी वाधवा आणि सहकाऱ्यांनी अंड्यातील कोंबडीच्या पिलांना त्यांच्याच जातीचे आवाज आणि सतारीचे संगीत ऐकवून २००६ मध्ये दाखवले की हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींचा आकार तसेच कॅल्बिंडिन आणि पार्व्हाल्ब्युमिन यांचे प्रमाण त्यामुळे बदलते. पक्ष्याचा मेंदू सस्तन प्राण्याचा नव्हे, हे खरे. तरी जन्मापूर्वीचा अनुभवही या प्रथिनांपर्यंत पोहोचतो, ही बाब विचारात घेण्यासारखी आहे.

दृष्टीच्या विकासात या बदलांना एक निश्चित मुदत असते. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी मांजरीच्या पिलांवर केलेल्या आणि १९८१ च्या नोबेल पारितोषिकाने गौरवलेल्या कामातून हे सिद्ध झाले की लहानपणी एक डोळा काही काळ झाकला गेला तर बाह्यक त्या डोळ्याकडे पाठ फिरवते आणि नंतर डोळा उघडूनही दृष्टी परतत नाही; तोच डोळा प्रौढपणी झाकल्यास असे होत नाही. ही मुदत कशी सुरू होते याचा माग ताकाओ हेन्श यांनी काढला. गॅबाची निर्मिती अपुरी असलेल्या उंदरांत ही मुदत सुरूच होत नाही, असे त्यांनी १९९८ मध्ये दाखवले. पुढे त्यांच्याच गटाने शोधले की डोळ्यात प्रकाश शिरू लागल्यावर ओटीएक्स-२ हे प्रथिन दृष्टिपटलाकडून बाह्यकापर्यंत पोहोचते, पार्व्हाल्ब्युमिनच्या पेशींत शिरते आणि त्यांना परिपक्व करते. त्या पेशी परिपक्व होताना शिकण्याचे दार उघडते आणि त्यांच्याभोवती शर्करायुक्त जाळे पक्के विणले गेले की ते दार बरेचसे मिटते. इटलीतील लाम्बेर्तो माफ्फेई यांच्या गटाने २००२ मध्ये प्रौढ उंदरांत हे जाळे विकराने विरघळवले तेव्हा ते दार पुन्हा किलकिले झाले. माणसात असा उपचार आज उपलब्ध नाही. दिल्ली परिसरात पवन सिन्हा यांनी चालवलेल्या ‘प्रकाश’ प्रकल्पातून इतके मात्र कळले आहे की जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांवर उशिरा शस्त्रक्रिया केली तरी त्यांना पुष्कळ काही दिसू लागते. उशीर झाला म्हणून प्रयत्न सोडणे चूक ठरते. परंतु बारीक तपशील पाहण्याची शक्ती अशा मुलांत अपुरीच राहते.

बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरट झाक दिसणे, एक डोळा आत किंवा बाहेर वळलेला असणे, बाळाने चेहऱ्याकडे न पाहणे किंवा एक डोळा झाकताच रडून उठणे, ही सारी लक्षणे घरच्यांच्या नजरेला सहज येण्यासारखी आहेत. तिरळेपणाला भाग्याचे चिन्ह मानून सोडून देणे किंवा मूल मोठे झाल्यावर बघू म्हणून थांबणे, म्हणजे वर सांगितलेली मुदत हातची घालवणे होय. एका डोळ्यातील दाट जन्मजात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी पहिले सहा आठवडे हा उत्तम काळ मानला जातो, आणि आळशी डोळ्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधण्याचा उपचार सातव्या वर्षाच्या आत सर्वाधिक लागू पडतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथूनच झाली असून त्याची पथके अंगणवाड्या आणि शाळांत जाऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी करतात. नांदगाव पेठ आणि पंचक्रोशीतील पालकांनी, अंगणवाडी सेविकांनी आणि शिक्षकांनी पथक येईल त्या दिवशी एकही मूल तपासणीवाचून राहू देऊ नये, आणि ज्या बाळाच्या डोळ्याविषयी शंका असेल त्याला पथकाची वाट न पाहता त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे.